कंबरेवरची पट्टी

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं. एकेक फूल जमिनीवरून वेचून टोपलीत टाकायचं. मे महिन्यात तेंदूपत्ता. पहाटेच जंगल गाठायचं, वाकून पानं खुडायची, घरी आणून 70 पानांचा एकेक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचा. पावसाला जोर आला की भाताची रोवणी, गुडघाभर चिखलात दिवसभर ओणवं राहून. मार्च ते ऑगस्ट, भामरागडच्या बाईची कंबर सरळ व्हायला मुहूर्तच सापडत नाही.

त्या कंबरेसाठी आज एका पट्टीबद्दल लिहितो आहे.

रंगीत, ताणली जाणारी, अंगाला चिकटणारी ही पट्टी आपण आधी खेळाडूंच्या खांद्यांवर पाहिली. गावच्या कबड्डीत आणि व्हॉलीबॉलमध्येही पोरांच्या गुडघ्यावर ती दिसते. जपानच्या केंझो कासे यांनी 1970 च्या दशकात ती काढली आणि 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकनंतर ती जगभर पोचली. सुती कापड, एका बाजूला डिंकासारखा चिकट थर, औषध काहीही नाही. हे शेवटचे तीन शब्द पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापायला हवेत. निळी, गुलाबी, काळी, सगळ्या पट्ट्या एकच. रंगाचे जादा पैसे कोणी मागितले तर देऊ नका.

मग ती करते काय? त्वचेवर हलका ताण आणि स्पर्श देते. दुखऱ्या जागी हात ठेवला की बरं वाटतं, तसंच. शिवाय वाकताना ती ओढली जाते आणि शरीराला आठवण राहते की इथे जपायचं आहे. ती अंगावर असते त्या दिवसांत माणूस थोडा निर्धास्तपणे हलतो, आणि पाठदुखीत हलतं राहणं हेच मोठं औषध आहे. पट्टीचा खरा उपयोग एवढाच. तो लहान आहे, पण खोटा नाही.

विक्रेते सांगतात ते मात्र खरं नाही. स्नायूला ताकद येते, निखळलेलं जागेवर बसतं, इजा होतच नाही, या सगळ्या वल्गना. ब्राझीलमध्ये जुनाट पाठदुखीच्या 148 रुग्णांवर एक चाचणी झाली, 2014 साली ती प्रसिद्ध झाली. निम्म्यांना नियमाप्रमाणे ताण देऊन पट्टी लावली, निम्म्यांना ताण न देता. दोन्ही गटांच्या दुखण्यात फरक पडला तो सारखाच. तेव्हा अमुक टक्के ताण, तमुक कोनातून, असं सांगून कोणी महागडा वर्ग भरवत असेल तर पैसे वाचवा आणि घरीच लावा.

घरी लावायची ती अशी. जागा साबणाने धुऊन कोरडी करा, तेलाचा हात लागलेला नको. केस दाट असतील तर कापा. साधारण वीतभर लांबीच्या दोन पट्ट्या कापा आणि त्यांचे कोपरे कात्रीने गोल करा. चौकोनी कोपरा कपड्याला अडकतो आणि पट्टी संध्याकाळच्या आत सुटते. खाटेवर हात टेकून थोडं पुढे वाका. मणक्याच्या एका बाजूला, खाली माकडहाडाच्या वर, पट्टीचं पहिलं दोन बोटांचं टोक अजिबात न ताणता चिकटवा. मधला भाग किंचित ताणून वर न्या, शेवटची दोन बोटं पुन्हा ताणाशिवाय. टोकं ताणली की तिथेच त्वचा सोलते, फोड येतात. दुसऱ्या बाजूला तसंच. मग तळहाताने मिनिटभर चोळा, उबेने चिकटपणा धरतो. घाम येईल असं काम त्यानंतर अर्ध्या तासाने.

तीन ते पाच दिवस ती राहते, आंघोळही चालते. आपल्याकडच्या घामाच्या दिवसांत आधी सुटली तर सुटू द्या. खाज आली, आग झाली, चट्टा उठला तर त्याच क्षणी काढा. काढताना ओरबाडू नका. वरून तेल लावा, थोडं थांबा, त्वचा एका हाताने दाबून धरत केसांच्या दिशेने हळूहळू सोडवा. जखमेवर, गळवावर, खरजेवर ती लावायची नाही. बाजारातली नेहमीची गुंडाळी पाच मीटरची असते, म्हणजे वीस-बावीस पट्ट्या. एका घरातल्या एका कंबरेला महिनाभर पुरतात.

आता ज्यासाठी लेखणी हाती घेतली ते. काही दुखणी पट्टीखाली झाकायची नसतात. पाठीबरोबर पायात मुंग्या येऊन पाय लुळा वाटू लागला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पाठदुखीसोबत ताप आणि वजन घटणं सुरू झालं, झाडावरून पडल्यानंतर दुखू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना. घोटा मुरगळून चार पावलंही टाकता येत नसतील तर हाड मोडलं असू शकतं. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर ती दाबायची नाही, चोळायची नाही, पट्टी तर नाहीच. आणि आपल्या गडचिरोली जिल्ह्यात सिकलसेलचा आजार आहे. पोराची हाडं, पाठ, सांधे अचानक ठणकू लागले, तर पट्टी शोधण्यात घालवलेला तास त्याचाच असतो. त्याला पाणी पाजा, उबेत ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या.

लांब अंतर आणि पाऊस मला माहीत आहे. आलापल्लीहून भामरागड 60 किलोमीटरच्या पुढे, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की वर्षानुवर्षं तालुका तुटत आला आहे. अशा ठिकाणी माणूस आधी घरातलंच काही लावून पाहणार. म्हणूनच घरात काय लावावं आणि कुठे थांबावं, दोन्ही नीट कळायला हवं. हे काम आशाताई करू शकतात, शाळेतले क्रीडाशिक्षक करू शकतात. अर्ध्या तासात शिकवता येतं.

पण शासनाला अर्ध्या तासावर सोडायची माझी तयारी नाही. शोधग्राममध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने पाठदुखीकडे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहिलं, आणि मुंबईचे मणकातज्ज्ञ डॉ. शेखर भोजराज यांच्या साथीने गडचिरोलीत पाठीच्या रुग्णांवर उपचार सुरू झाले. हेमलकशाच्या, 1973 पासूनच्या लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना आपल्या उशाशी आहे. सेवाभावी माणसांनी वाट घालून दिली. त्या वाटेवर सरकारी फिजिओथेरपिस्ट ठराविक वारी, ठरल्या वेळी, ग्रामीण रुग्णालयात बसलेला हवा. मलेरियाची तपासणी पाड्यावर पोचते, तर पाठीची का नाही? पाठदुखीने कोणी मरत नाही म्हणून तिची नोंद होत नसेल, तर ती नोंद आधी सुरू करा.

आणि घरच्यांनो, तुमच्यासाठी एक काम. पट्टी लावायला दुसऱ्याचे हात लागतात, स्वतःच्या पाठीवर ती नीट लागत नाही. आईच्या, बायकोच्या, बहिणीच्या कंबरेवर ती लावून द्या. मग उठा, तिची पाण्याची कळशी उचला आणि तेंदूचे पुडे आज तुम्हीच फळीवर न्या. पट्टी तीन दिवसांनी सुटेल. पुडे न्यायचं काम मात्र त्यानंतरही तुमच्याकडेच राहू द्या.