रविवारी बघतो

एका फुकट सॉफ्टवेअरच्या मराठी मेनूत 'दुसर्या पानावर जा' असं दिसलं आणि माझ्या अंगातला मराठीचा मास्तर जागा झाला. दुरुस्ती एका टिंबाची. साध्या 'र'च्या जागी खाली टिंब असलेला 'ऱ' टाकला की डोक्यावरचा रफार उतरतो आणि 'दुसऱ्या'मधला आडवा र नीट बसतो. म्हटलं, आलोच आहोत तर 'जतन करा'चं 'साठवा'ही करून टाकू. बदलांचा पॅच पाठवला.

दोन महिने चिडीचूप. ऑफिसात मी साहेबांना सीसी टाकून काम काढतो. इथे साहेबच नाही. पगार कापू म्हणावं तर पगार नाही, आणि प्रकल्प सांभाळणारा मेंटेनर बिचारा पोरं झोपली की लॅपटॉप उघडणारा.

मग कुणाची तरी 'साठवा'वर नजर गेली. "लोणचं साठवतात हो, फाइल नाही!" "सरळ 'सेव्ह करा' म्हणा ना." "मग 'मेनू'ला काय म्हणायचं?" त्याच आठवड्यात कुणीतरी छपाईचा अख्खा कोड बदलला, नऊशे ओळी. त्यावर एकच शेरा: "छान."

लेखक पार्किन्सन यांनी रंगवलेल्या समितीत अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर होते आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास जातो. अणुभट्टी कुणाला कळते? पत्रा सगळ्यांना कळतो. 1999 मध्ये फ्रीबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमवाल्यांत असाच वाद पेटला, तेव्हा त्यांच्यातल्याच पॉल-हेनिंग काम्प यांनी याच शेडची आठवण करून दिली होती. वाद कशावर, तर 'स्लीप' या कमांडला सेकंदाचे अपूर्णांक चालावेत का! झोपेच्या कमांडपायी किती जणांची झोप उडाली असेल.

शेवटी एका मुरलेल्या कार्यकर्त्यानं कानमंत्र दिला, "विचारत बसू नका, कळवा." अपाची या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेच्या प्रकल्पांत ही रीतच आहे: 72 तास वाट बघायची, कुणी हरकत घेतली नाही तर संमती धरायची. मी 'साठवा' गुपचूप काढलं, टिंब तेवढं ठेवलं आणि मुदत जाहीर केली. एकाहत्तराव्या तासाला "हरकत नाही, पण" अशी सुरुवात असलेला निरोप आला. पुढचं मी वाचलंच नाही. टिंब लागलं.

आठवड्याभरात मेंटेनरचं पत्र: यापुढे मराठीचं तुम्हीच बघा.

परवा एका कॉलेजच्या पोरानं दुरुस्ती पाठवली आहे. 'जतन करा'चं 'साठवा'. रविवारी नक्की बघतो, असं कळवलंय. कुठल्या रविवारी, ते त्यानं अजून विचारलेलं नाही.