टिकाऊ खलाशी

मुंबईच्या एका पंचतारांकित हॉटेलात ‘रिटेन्शन’वर परिसंवाद होता. बोटीवरची माणसं टिकत का नाहीत, हा विषय. व्यासपीठावर सात जण, सगळ्यांना टाय. सभागृहात खलाशी मात्र औषधालाही नव्हता. साहजिकच आहे. नोकरीवरचा खलाशी बोटीवर असतो आणि घरी असलेला खलाशी नोकरीवर नसतो.

हा विनोद नाही, बहुतेकांचा करारच असा असतो. साइन ऑन केलं की नोकरी सुरू, साइन ऑफ केलं की संपली. माझा मावसभाऊ गुहागरकडचा, इंजिनरूममध्ये ऑइलर. नऊ महिने ऑइलर आणि घरी आला की नुसता भाऊ. पगार बंद. मग पुन्हा मेडिकल, पुन्हा मॅनिंग ऑफिसात ‘फाइल वर गेलीय, कळवतो’. आग विझवायला तो केव्हाच शिकलाय, तरी दर पाच वर्षांनी ते पुन्हा शिकावं लागतं, म्हणजे फी आलीच. कंपनीने त्याला आजवर दहा वेळा घेतलं आणि दहा वेळा मोकळं केलं. अकराव्यांदा तो ‘बघतो’ म्हणाला, तेव्हा माणसं बेइमान झाल्याचा साक्षात्कार कंपनीला झाला.

परिसंवादात उपाय भरपूर निघाले. तणावमुक्तीचं अ‍ॅप, डेकवर योगासनं, २५ जूनला खलाशी दिनाचा केक. वायफायवर अर्धा तास चर्चा झाली, झोपेवर कुणी बोललं नाही. नियमाने चोवीस तासांत दहा तास विश्रांती मिळायला हवी, आणि कागदावर ती मिळतेच. तपासनीस गँगवे चढायच्या आत विश्रांतीचा तक्ता असा बिनचूक भरलेला असतो की वाचणाऱ्याला जांभई यावी. माल्मोच्या जागतिक सागरी विद्यापीठाने २०२०मध्ये यावर अख्खा अहवाल काढला आणि या प्रकाराला नाव दिलं, जुळवून घेण्याची संस्कृती. आमच्याकडे याला ‘अ‍ॅडजस्ट करणं’ म्हणतात आणि त्यासाठी विद्यापीठ लागत नाही.

माणसं टिकत नाहीत हे मला तरी पटत नाही. त्याच २०२०मध्ये कोविडमुळे बंदरं आणि विमानं बंद झाली. वर्ष संपताना जगभरात सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही बोटीवरच होते. काहींना वर्ष उलटून गेलं होतं. टिकवण्याचा असा विक्रम कुठल्याही एचआरवाल्याच्या बापाला जमला नसता! मार्च २०२४मध्ये ‘डाली’ ही मालवाहू बोट अमेरिकेत बाल्टिमोरच्या पुलावर आदळली. तिच्यावरची जवळजवळ सगळी माणसं भारतीय. चौकशीसाठी फोन काढून घेतले आणि ती महिनोन्‌महिने तिथेच टिकली. मालकाने पगार थकवून वाऱ्यावर सोडलेल्या बोटींवरचे खलाशी तर काय टिकतात! दोन महिन्यांचा पगार थकला की आंतरराष्ट्रीय करार त्यांना ‘परित्यक्त’ म्हणतो. हे बिचारे तरीही नांगरावर, कारण उतरलो की थकलेला पगारही जाईल ही भीती. उतरूच दिलं नाही, की माणूस टिकतो.

जेवणात पापलेट होतं. बाहेर पडताना प्रत्येकाला एक मग मिळाला, त्यावर नांगर आणि ‘आमचे खलाशी, आमचं कुटुंब’. माझा मी मावशीला दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “ह्या कुटुंबाला गणपती असतात का रे?”

मावसभाऊ तेव्हा शेवटी ‘बघून’ अकराव्यांदा गेलेलाच होता. ऑगस्टमध्ये उतरायचा होता. मखराचं सामान त्याने जायच्या आधीच आणून माळ्यावर ठेवलं होतं. परवा व्हिडिओ कॉल आला. मागे इंजिनची घरघर, त्यामुळे एक वाक्य तीनदा म्हणावं लागलं. रिलीव्हर मिळत नाही, महिनाभर एक्स्टेंड करता का, असं ऑफिसने विचारलंय म्हणाला.

“तू काय सांगितलंस?”

“विचारलंय म्हणजे काय, मेलमध्ये वर ‘कन्फर्म्ड’ लिहिलंय.”