वेडेपणा करावा, आणि वेळेत करावा

गेल्या वर्षी मी एक वेडेपणा केला. ८१ वर्षांच्या आईला मुंबईहून लंडनला, ताईकडे, बिझनेस क्लासने नेलं. दोघांचं एकेरी भाडं साडेतीन लाखांच्या घरात गेलं. मामा म्हणाले, "अरे, एवढ्या पैशांत तिच्या मदतीला वर्षभर बाई ठेवता आली असती." मामांचा हिशेब चोख होता. प्रवासही मनासारखा झाला नाही. तरीही या वेडेपणाचं कौतुक करायला मी बसलो आहे, आणि त्यातलं अक्षर न् अक्षर मनापासून लिहितो आहे.

आधी काय बिघडलं ते सांगतो. आईची सीट आडवी होईना. बटण दाबलं की पाठ थोडी मागे जायची, गुरगुर व्हायची आणि सगळं थांबायचं. कर्मचारी मुलगा बिचारा गुडघ्यांवर बसून दहा मिनिटं झटला, दोनदा सीट बंद करून पुन्हा चालू केली. शेवटी हात जोडून उभा राहिला. माझी सीट चालत होती, ती आईला दिली. ती आडवी झाली, पांघरूण घेतलं, तासभर पडली. मग तिला उठायचं होतं. संधिवाताने तिचा अंगठा वाकडा झालाय. सीट सरळ करायची तर ते बटण एकसारखं दाबून धरावं लागतं, आणि तिचा अंगठा सारखा घसरत होता. धरून उठायला कुठे कठडाही नाही. आमच्या दोघांच्या मध्ये खांद्याएवढी भिंत होती, त्यामुळे ती धडपडतेय हे मला दिसलंच नाही. हाक आली तेव्हा कळलं. मागच्या साध्या सीटवर असतो तर कोपराला कोपर लागला असता.

जेवणाचं तेच. पाव तिच्या कवळीला आवरेना, भाजी तिला सपक लागली. विमानातल्या कोरड्या हवेत आणि कमी दाबात जिभेची चव उतरतेच. शेवटी पिशवीतून दशम्या आणि लसणीची चटणी काढली. चटणीची चव तेवढी लागली.

पैसे मोजले म्हणून हवा काही वेगळी मिळत नाही. विमान पस्तीस हजार फुटांवर असलं तरी आतला दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात, म्हणजे महाबळेश्वराच्याही बऱ्याच वर. पुढे बसलेल्याला आणि मागे बसलेल्याला तीच हवा. म्हाताऱ्या माणसाचा घसा सुकतो, तो दोन्हीकडे सारखाच. व्हीलचेअरचंही तसंच. चालता न येणाऱ्या प्रवाशाला ती विनामूल्य मिळाली पाहिजे, तिकीट कुठल्याही वर्गाचं असो. फक्त ४८ तास आधी कळवायचं. आम्ही कळवलं होतं. तरी मुंबईत पाऊण तास खुर्ची आली नाही. त्या पाऊण तासात मला एकच गोष्ट आठवत होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच मुंबई विमानतळावर ८० वर्षांचे एक गृहस्थ परदेशातून उतरले. त्यांच्या पत्नीला खुर्ची मिळाली, त्यांना दुसरी मिळाली नाही, म्हणून ते पत्नीबरोबर चालत निघाले आणि कोसळून गेले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या कंपनीला ३० लाखांचा दंड केला. दंड भरून माणूस परत येत नाही. आईला मी एक पाऊल चालू दिलं नाही.

परतल्यावर तक्रार केली. फेब्रुवारी २०२३ पासून आपल्याकडे नियम आहे: वरच्या वर्गाचं तिकीट काढलेल्याला खालच्या वर्गात बसवलं, तर लंडनसारख्या साडेतीन हजार किलोमीटरपलीकडच्या प्रवासात करांसह भाड्याचे ७५ टक्के परत द्यावे लागतात. पण आम्ही वरच्याच वर्गात बसलो होतो, फक्त बिघडलेल्या सीटवर. कंपनीने दिलगिरीचं पत्र आणि पुढच्या तिकिटाला वापरायचे थोडे मैल पाठवले. ८१ वर्षांच्या बाईला ते मैल काय कामाचे? ज्या पलंगाचे पैसे घेतले तो पलंग दिला नाही, तर पैसे परत करायला हवेत, एवढं साधं आहे हे.

आता कौतुक कशाचं, ते सांगतो.

आई उठल्यावर पुन्हा आपल्याच मोडक्या सीटवर बसली. मी गुंडाळलेलं पांघरूण तिच्या पायांखाली दिलं आणि समोरच्या पाय ठेवायच्या पाटावर तिच्याकडे तोंड करून बसलो. विमानात अंधार होता. तिने कानटोपी घातली आणि पानशेतच्या पुराची गोष्ट सांगितली. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, तेव्हा ती नारायण पेठेत राहत होती. आजोबा शिंपी. त्यांचं शिलाई मशीन वाहून गेलं. एवढं मला ठाऊक होतं. पुढचं नव्हतं.

त्या वर्षी कार्तिकीला आजोबांनी उसने पैसे काढले आणि आपल्या आईला एसटीने पंढरपूरला नेलं. घरात मशीन नाही, हप्त्यावर नवं घ्यायचं तर आगाऊ रक्कम नाही, आणि हा माणूस म्हातारीला घेऊन वारीला! भावकीने त्यांना वेड्यात काढलं. पंढरपुरात दर्शनाची रांग एवढी लांब, की म्हातारीला उभं राहवेना. दोघं कळसाचं दर्शन घेऊन परतली. विठोबा दिसलाच नाही.

"मग फुकट गेली की खेप," मी म्हणालो.

"फुकट कशी?" आई म्हणाली. "आजी मरेपर्यंत सांगायची, माझ्या लेकानं मला पंढरीला नेलं. रांगेचं एकदाही बोलली नाही."

मशीन पुढे आलं. वर्षभर उशिरा आलं, पण आलं. ती कार्तिकी टाळली असती तर पुढची म्हातारीला मिळाली नसती. तिने त्यानंतर अंथरूणच धरलं. शहाणपणाचं म्हणणं नेहमी बरोबर असतं: हप्ते फिटू देत, मुलांची शिक्षणं होऊ देत, हवा निवळू दे. पण त्या हिशेबात म्हाताऱ्या माणसाचे गुडघे धरलेले नसतात. आजोबांनी ते धरले, म्हणून त्यांचा वेडेपणा मला शहाणपणापेक्षा मोठा वाटतो.

तेव्हा वाचकहो, ज्यांचे आईवडील अजून हाताला धरून चालतात, त्यांनी हा वेडेपणा जरूर करावा. बिझनेस क्लासच हवा असं नाही. एसटीचं तिकीटही चालेल. फक्त डोळे उघडे ठेवून करावा. व्हीलचेअरचं लेखी कळवावं. विमानात शिरल्याबरोबर, दारं लागायच्या आत, सीट आडवी करून बघावी. मधली भिंत खाली जाते का ते विचारावं. डबा घरचा न्यावा. बिघडलं तर भांडावं, पण बिघडेल या भीतीने घरी बसू नये.

माझ्या बाबांना लॉर्ड्सचं मैदान बघायचं होतं. २०१४ मध्ये मी त्यांचा पासपोर्ट काढला आणि घराचं कर्ज फिटल्यावर जाऊ असं ठरवलं. २०१९ मध्ये ते गेले. कर्ज त्यानंतर दोन वर्षांनी फिटलं. तो पासपोर्ट माझ्या कपाटात आहे. त्यावर एकही शिक्का नाही.