वरचा किल्ला

"आक्का, ओ आक्का! जरा गडग्याजवळ या बघू. तुमच्या नातवानं माझ्या कुंडीतली लाल माती पळवली की सगळी!"

"असू दे गे वैनी, दिवाळीचा किल्ला हाय पोराचा. अळीव बघ कसा तरारलाय त्येच्यावर. कालपास्नं डोकं खातोय, आज्जी, बालेकिल्ला म्हणजे काय? मी म्हटलं, बाळांचा किल्ला असंल, तुझ्यासारख्या."

"बाळांचा न्हवं हो! फारशीत बाला म्हणजे वरचा. वरचा किल्ला तो बालेकिल्ला. गोवळकोंड्याच्या माथ्यावरचा बाला हिसार, मराठवाड्यातला बालाघाट, सगळ्यांतला बाला हाच."

"मग उंचावर बांधला की झाला बालेकिल्ला?"

"तेवढ्यानं न्हाई. आपलं घरच बघा. गडगा म्हणजे तट, पडवी म्हणजे माची आणि दागिन्यांची पेटी ठेवतो ती आतली खोली म्हणजे बालेकिल्ला. त्याला दरवाजा वेगळा, पाण्याची सोय वेगळी. राजगडाला सुवेळा, संजीवनी, पद्मावती अशा तीन माच्या, आणि मधल्या कातळावर बालेकिल्ला. चढताना दम निघतो, म्हणत होता आमचा थोरला. माची गेली तर वर जायचं, दार लावायचं आणि लढायचं."

"लढलंय का कोण असं?"

"पुरंदरावर! 1665 साली मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखानानं वेढा घातला. शेजारचा वज्रगड गेला, खालचे बुरूज गेले, मुरारबाजी देशपांडे पडले. तरी वरचे लोक झुंजतच होते. शेवटी जूनमध्ये तह झाला, 23 किल्ले द्यावे लागले. पुरंदर गेला तो त्या तहात."

"आणि इंग्रजांशी लढलेला आपला संगोळ्ळी रायण्णा? कित्तूरचा किल्ला 1824 सालीच गेला, त्येला कुठला बालेकिल्ला?"

"रान की! खानापूरच्या जंगलातनं लढला. 1831 साली इथंच, नंदगडात फाशी दिली तवाच थांबला."

"आणि आमचे हे रोज पेपर वाचत्यात मोठ्यानं, अमक्याचा बालेकिल्ला ढासळला! विचारलं तर एक वार्ड गेलेला."

"वार्ड म्हणजे माचीचा कोपरा, आक्का."

"तेच म्हणतोय मी. माची गेली तर वर जाऊन झुंजावं माणसानं. हे पुढारी खाली उतरून दुसऱ्या पक्षाच्या दारात उभे!"