पिच्चर देखी ऱ्हायनू!

'जुने सिनेमे काय सुंदर होते!' असं म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा. कोणते? तो तीन नावं सांगतो. त्याच साली आलेले आणि दुसऱ्या शुक्रवारी उतरलेले बाकीचे त्याला आठवत नाहीत. म्हणून तो काळ सुवर्णकाळ.

नवं ते सगळं भारी म्हणणारा त्याचा नातू आणखी पुढचा. तो पंधरा सेकंदांत निकाल देतो. सिनेमा न बघता, रील बघून.

आमच्या जळगाव-धुळ्यात समीक्षकांची तिसरी जात आहे. हवामानानुसार बोलणारी. मे महिन्यात पारा 45 ला टेकला की कुठलाही पिच्चर तीन तास बघवतो. एसी चालू असेल तर चार स्टार. बंद पडला तर दिग्दर्शकाच्या सात पिढ्यांचा उद्धार.

तेव्हा डोकं थंड असतानाच बोलून घेऊ.

आमच्याकडचा लाडका विषय म्हणजे स्मिता पाटील. जन्म पुण्याचा, 1955 चा. पण वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, म्हणून ती 'आमची स्मिता'. 'भूमिका' आणि 'चक्र'साठी राष्ट्रीय पुरस्कार, 1985 ला पद्मश्री, 1986 च्या डिसेंबरात गेली, अवघी 31 वर्षांची. हे सगळं आम्हाला तोंडपाठ. तिचा पाहिलेला सिनेमा कोणता? 'नमक हलाल'.

तोही बच्चनसाठी.

'उंबरठा'ही त्याच वर्षीचा, 1982 चा. जब्बार पटेलांचा. परवा पुन्हा पाहिला. शिकलेली सून महिलाश्रमात नोकरीला जाते, परत येते तेव्हा तिची जागा भरलेली असते, आणि ती पुन्हा निघते. भाषण नाही, हंबरडा नाही. स्मिता नुसती बघते, आणि समोरच्या माणसाला नजर कुठे ठेवावी कळत नाही. आजचा दिग्दर्शक अशा जागी ड्रोन उडवतो.

लग्न जमवताना 'मुलगी नोकरी करणारी हवी' म्हणणाऱ्या किती घरांनी हा सिनेमा सुनेला शेजारी बसवून पाहिलाय? चाळीस वर्षं उलटली तरी तो जुना होत नाही. हे सिनेमाचं कौतुक समजायचं की आपली लाज?

आता 'श्यामची आई'. ती लिहिणारे साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलचे मास्तर. 1930 ला नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. 1932 ला धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचनं त्यांनीच उतरवून घेतली. पुढे खानदेशच्या शेतकऱ्यांसाठी आणि अमळनेरच्या गिरणी कामगारांसाठी भांडले. म्हणजे जेल, मोर्चा, गिरणीचा भोंगा, सगळा मसाला तयार. सिनेमा कशावर निघाला? कोकणातल्या आईवर.

एकदा नाही, दोनदा.

अत्र्यांच्या 1953 च्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कारांतलं पहिलंवहिलं सुवर्णपदक मिळालं. त्यावर बोट ठेवायची माझी हिंमत नाही. वनमालाबाई पडद्यावर आल्या की रुमाल शोधावाच लागतो. अत्रे रडवायचे ते राजरोस. मान धरून.

सुजय डहाकेंनी 2023 मध्ये तोच विषय पुन्हा घेतला, आणि तोही कृष्णधवल. सिनेमा मनापासून केलेला आहे. ओम भूतकरचे गुरुजी तर हवे होते त्याहून कमी वाटतात. पण रंग काढून घेतला की काळ आपोआप उभा राहतो, हे कुणी ठरवलं? अत्र्यांकडे खर्चाचं गणित होतं म्हणून कृष्णधवल. आता तीच कलात्मक दृष्टी.

अत्रे आमच्याकडून आणखीही एक ऐवज घेऊन गेले. 1952 मध्ये आसोद्याच्या बहिणाबाईंच्या कवितांचं पुस्तक त्यांच्याच प्रस्तावनेसह आलं. पुढे 1961 च्या 'मानिनी'त त्या कविता गाणी होऊन घराघरांत पोहोचल्या. उपकार आहेत, नाही कोण म्हणतो? एवढंच विचारतो की आमची बोली गाण्यात चालते, तर संवादात का बोचते?

मराठी सिनेमातलं खेडं म्हणजे कोल्हापूर. पाटील कोल्हापूरचा, चपला कोल्हापूरच्या, रांगडेपणाही कोल्हापूरचा. स्टुडिओ तिथे होते, समजू शकतो. स्टुडिओ गेले, सवय उरली.

बरं, दुसऱ्या बोली चालत नाहीत असंही नाही. 'सैराट' करमाळ्याकडची भाषा बोलला आणि गल्ल्याचे विक्रम मोडले. 'नाळ' विदर्भातलं बोलला. 'दशावतार'साठी लोक 2025 मध्ये कोकणच्या गोष्टीला रांगा लावून गेले. 'कळत नाही बुवा' म्हणून कोण उठून गेलं? आमच्या अहिराणीचं नाव काढलं की मात्र निर्माता विचारतो, पुण्यात समजेल का?

पुण्यात कोरियन समजतं हो. खाली अक्षरं असली की झालं.

मग इकडच्या पोरांनी वाट पाहणं सोडलं आणि मोबाइल काढला. 'हाई झुमकावाली पोर' महाराष्ट्रभर वाजली. ज्यांना अहिराणीतलं 'शे' म्हणजे 'आहे' हे ठाऊक नाही, तेही वरातीत तिच्यावर नाचले. मालेगावच्या छोटू दादाच्या खानदेशी व्हिडिओंना कोट्यवधी प्रेक्षक आहेत. मुंबईतल्या भल्याभल्या निर्मात्यांना एवढे प्रेक्षक स्वप्नातही दिसत नसतील.

आपले आहेत म्हणून सगळंच गोड म्हणायचं का? एका माणसाच्या कमी उंचीवर किती वर्षं हसायचं? बायकोच्या हातचा मार, चिखलात पडापड, वर कर्कश संगीत. मुंबईने आमची टिंगल केली असती तर आम्ही मोर्चा काढला असता. स्वतःची केली की ती विनोदी मालिका.

याच मालेगावात नासिर शेख नावाच्या व्हिडिओ पार्लरवाल्याने 2000 च्या सुमारास 'मालेगाव के शोले' काढला. सायकलची ट्रॉली, बैलगाडीची क्रेन, नटांत यंत्रमाग कामगार. फैजा अहमद खान यांनी या मंडळींवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. तो न पाहता सिनेमाच्या वेडावर बोलणाऱ्याने पुढच्या रांगेत बसू नये. यंत्रमागाच्या खडखडाटातून सुटलेला त्यांच्यातला शफीक सुपरमॅनच्या वेषात उभा राहतो, तेव्हा हसू येतं. पण ते घशातच राहतं.

मग 28 फेब्रुवारी 2025 ला रीमा कागतींचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आला. आदर्श गौरव नासिर, शशांक अरोरा शफीक. कामं चोख. मुंबईच्या पैशांनी मालेगावची गरिबी नीट इस्त्री करून दाखवली, तरी सिनेमा खोटा पडला नाही, हे मानायला हवं. गल्ल्यावर मात्र पडला.

जळगावात माझ्या पुढच्या रांगेत एक तरुण होता. ऐन रंगात आलेल्या प्रसंगात त्याचा फोन वाजला. त्याने तो घेतला, अर्थात. आवाज न दाबता.

"पिच्चर देखी ऱ्हायनू. मालेगावना शे. आपलाच लोके शेतस रे!"

एरवी मी डाफरलो असतो. त्या दिवशी गप्प बसलो. कारण 'आपलाच लोके' हे वाक्य थिएटरात मोठ्याने बोलायची संधी आमच्याकडच्या माणसाला मिळते तरी कधी? आणि मिळाली ती कुठल्या सिनेमात? हिंदी.

मालेगाव तसं नाशिक जिल्ह्यात. तरी आम्ही ते हक्काने आपलं म्हणून टाकलं. उपाशी माणूस शेजारचं ताट बघत नाही, ओढतो.

तेव्हा मराठी निर्मात्यांना, दिग्दर्शकांना नम्र विनंती. पुढच्या सिनेमासाठी खेडं शोधायला निघालात तर एकदा उत्तरेला वळा. हिंदीवाले मालेगावपर्यंत येऊन गेले. तिथून धुळं पन्नासेक किलोमीटर. रस्ता चौपदरी आहे. फक्त मे महिन्यात येऊ नका.