पडायला जागा हवी

२०२४ मध्ये बंगळुरूच्या इंदिरानगरमधल्या एका बागेची पाटी देशभर गाजली. बागेत जॉगिंग करायचं नाही आणि चालायचं तेही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच, असा तिचा हुकूम होता. प्रदक्षिणाच म्हणायची, फक्त मध्ये देव नव्हता. ज्या शहरात उलटं चालायची चोरी, तिथे चार चाकांच्या फळीवर उभं राहून भिंत चढू पाहणाऱ्या पोरांना जागा कोण देणार?

जागेची निकड मात्र खरी होती. स्केटबोर्डच्या चाकाचा व्यास जेमतेम पाच सेंटिमीटर. पुढ्यात वाटाण्याएवढा खडा आला की फळी जागच्या जागी थांबते आणि वरचा माणूस आधीच्याच वेगाने एकटा पुढे जातो. बंगळुरूच्या रस्त्यांवर खड्यांची तक्रार करायला कोणी जात नाही, कारण आधी खड्ड्यांचा नंबर लागतो. राहता राहिल्या कचेऱ्यांसमोरच्या गुळगुळीत फरशा, पायऱ्या आणि पार्किंगच्या जागा. तिथे रखवालदार असतो. तो खुर्चीतून उठून येईपर्यंत जेवढा वेळ मिळेल, तेवढाच सराव.

तशी कर्नाटकाला चाकांची ओळख आहे. बेळगावची मुलं पायांत रोलर स्केट्स घालून, अंग पार जमिनीला टेकवून, उभ्या मोटारींच्या रांगेखालून निघून जातात आणि विक्रम करतात. पण तिथे सर असतात, शिट्टी असते, गणवेश असतो, शेवटी प्रमाणपत्र असतं. स्केटबोर्डवाल्यांकडे यातलं काहीच नव्हतं. सर नसतील तो खेळ नव्हे, टवाळकी, असा आपल्याकडचा सरळ हिशेब.

बंगळुरूच्या या टवाळांनी मग ‘होलीस्टोक्ड कलेक्टिव्ह’ नावाची टोळी जमवली. सर्जापूर रोडवरच्या प्ले अरेनात रॅम्प होते, पण तिथे पैसे मोजावे लागत. यांना हवा होता फुकटचा पार्क. कोणीही यावं, कितीही वेळा पडावं. २०१३ मध्ये लीव्हाइज कंपनीने हात दिला. ज्या खेळात पँट हमखास गुडघ्यावर फाटते, त्या खेळावर जीन्सवाल्यांची माया असणं स्वाभाविकच. परदेशातून पार्क बांधणारे स्केटर आले, इथल्या पोरांनी घमेली उचलली आणि काही आठवड्यांत काँक्रीटचा पार्क उभा राहिला.

असा पार्क बांधणं म्हणजे गवंड्याच्या शिकवणीचं वाटोळं करणं. त्याचा जन्म ओळंबा आणि गुण्या यांच्या संगतीत गेलेला. भिंत सरळ आणि कोपरा काटकोनात आला नाही तर मुकादमाच्या शिव्या खाल्लेल्या. इथे त्याला सांगायचं की जमीन हळूहळू वर उचल, तिची भिंत कधी झाली ते कळता कामा नये. गोलाईसाठी प्लायवूडचे साचे कापायचे, वरच्या काठावर लोखंडी पाइप बसवायचा, ओलं काँक्रीट उतारावरून घसरायच्या आत हाताने घोटायचं. थापीचा एक ओरखडा राहिला तरी पुढे तो कोणाच्या तरी कोपरावर उमटणार.

होलीस्टोक्डच्या मंडळींतच अतिता वर्गीस होती. वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे घरचे ‘आता जरा गंभीर हो’ म्हणू लागतात तेव्हा, ती फळीवर चढली. आज ती देशातली पहिली व्यावसायिक महिला स्केटबोर्डर म्हणून ओळखली जाते. २०१५ मध्ये तिने ‘गर्ल स्केट इंडिया’ सुरू करून इतर मुलींनाही पडायला शिकवलं.

त्याच वर्षी मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात, जनवार नावाच्या खेड्यात, उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी स्केटपार्क उभा केला. नियम दोनच: मुली आधी, आणि शाळेला दांडी मारली तर फळीला हात लावायचा नाही. पाटीवर एवढंच पुरतं, हे इंदिरानगरात कोणीतरी कळवायला हवं. पुढे उदयपूरजवळच्या खेमपूरला पार्क मिळाला तो सिनेमामुळे. ‘स्केटर गर्ल’च्या चित्रीकरणासाठी खराखुरा पार्क बांधला आणि नंतर तो गावच्या मुलांकडे राहिला. दिग्दर्शिका मंजरी माकिजानी ही ‘शोले’तल्या सांभाची, म्हणजे मॅकमोहन यांची मुलगी. बाप खडकावर बसून राहिला, लेकीने गावाला घसरायची सोय केली.

जीन्स कंपनी, जर्मन बाई, सिनेमावाले. या यादीत नगरपालिका कुठे दिसत नाही. तिचाही नाइलाज असावा. बाग म्हणजे झाडं, मैदान म्हणजे क्रिकेट. काँक्रीटचा वाकडा खड्डा मुद्दाम बांधायचा तर फाइल कोणत्या खात्याची? आपोआप पडलेल्या खड्ड्यांचं खातं निदान ठरलेलं असतं.

खेळ की टवाळकी, याचा निकाल लागला तो तोक्योत. लांबलेलं ऑलिम्पिक २०२१ मध्ये भरलं आणि त्यात स्केटबोर्डिंगची पदकं वाटली गेली. पाठोपाठ २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत हा खेळ आला आणि पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने सुवर्णपदक पटकावलं. टवाळकीला सर मिळाले, गणवेश मिळाला, प्रमाणपत्रही मिळालं. आता मुलगा रक्ताळलेला गुडघा घेऊन घरी आला की आई हळद लावता लावता विचारते, “हे स्पोर्ट्स कोट्यात धरतात ना रे?”