एसएमएस माघारी येत नाही

चिंचोटीला लोक धबधबा बघायला येतात. मी येतो ते कामण रस्त्यावरच्या एका गोदामाच्या पोटमाळ्यावर बसून जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये दुसऱ्याने लिहिलेल्या कोडला कमेंटी लिहायला. आधीच्याने लिहिल्या नाहीत असं नाही. स्टॉक वजा करणाऱ्या ओळीवर त्याची टीप आहे : ‘इथे स्टॉक वजा होतो’. जँगो जन्मला कॅन्ससमधल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत, 2005 साली जगाला खुला झाला, आणि त्याचं दस्तऐवजीकरण खरंच वाचनीय आहे. हे गुण फ्रेमवर्कबरोबर इन्स्टॉल होत नाहीत.

“चालतंय ना? मग लिहायचं काय त्यात?” गोदामाचे शेठ म्हणाले.

चिंचोटीतून पेट्या वजा, भिवंडीत जमा. मध्येच लाइट गेली तर पेट्या कुठेच नाहीत. म्हणून दोन्ही नोंदी ‘अ‍ॅटॉमिक’मध्ये : होतील तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. जिम ग्रे यांनी 1981च्या निबंधात डेटाबेसमधल्या अशा व्यवहाराला लग्नविधीचा दाखला दिलाय, तो मी शेठना ऐकवला.

“म्हणजे रामदास स्वामी! ‘सावधान’ ऐकलं आणि मांडवातून पसार. रोलबॅक!”

शंभर टक्के. पण वऱ्हाडासाठी शिजलेल्या भाताचे पुन्हा तांदूळ होत नाहीत, आणि नेमकं हेच कोडमध्ये कुणी लिहिलं नव्हतं. ‘चलन तयार, निघा’ हा एसएमएस अ‍ॅटॉमिकच्या आतूनच जायचा. पुढच्या ओळीला नोंद फसली की डेटाबेस साळसूदपणे पूर्वपदावर. ट्रक अंजूरफाट्याच्या खड्ड्यांत, आणि माल कागदोपत्री अजून चिंचोटीत. निरोप ‘ऑन कमिट’वर, म्हणजे नोंदी पक्क्या झाल्यावरच जाईल असा टाकला आणि वर लिहिलं : ‘ही ओळ वर सरकवू नये. एसएमएस माघारी येत नाही.’

पडताळणीची तर वेगळीच तऱ्हा. गाडीचा नंबर अक्षरांनी सुरू व्हावा, एमएच 48 वगैरे, असा मॉडेलवर कडक नियम. शेठचे जावई बँकेत. त्यांच्या बीएच (भारत) मालिकेतल्या गाडीचा नंबर आकड्यांनी सुरू होतो. गेटवरच्या फॉर्मने जावईबापूंना भर उन्हात ताटकळत ठेवलं. त्याच आठवड्यात एक्सेलमधून थेट चढवलेल्या यादीत मात्र ‘बंड्याचा टेम्पो’ हा गाडी नंबर बिनबोभाट आत शिरला. कारण जँगोचं ‘सेव्ह’ आपणहून ‘फुल क्लीन’ या पडताळणीला बोलवत नाही. सांगितलं तरच. तेही लिहिलं.

मग बीएचला वाट करून दिली आणि टीप जोडली : ‘कारण : केंद्राची ऑगस्ट 2021ची अधिसूचना.’

शेठनी ती दोनदा वाचली. “बरोबर आहे. जावयाचं नाव कुठे घालू नकोस. आणि बंड्याच्या टेम्पोला खरा नंबर आहे का, ते आधी बघ.”